बुलेरिआस वाजवताना कोम्पास सुटतो? आधी दहावी मात्रा तपासा

तक्रार नेहमी एकच असते, शब्द तेवढे वेगळे. "एकटा वाजवतो तेव्हा छान जमतं, पण टाळ्यांचा ट्रॅक लावला की चौथ्या-पाचव्या फेरीत मी बाहेर पडतो." किंवा, "फालसेता बिनचूक येते, ती संपवून परत ठेक्यावर यायचं म्हटलं की घसरतं." फ्लामेंको गिटार शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून हे इतक्या वेळा ऐकलंय, आणि स्वतः दोन वर्षं इतकं भोगलंय, की एकदा नीट लिहूनच काढतो.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: कोम्पास म्हणजे तालाचं आवर्तन. नुसत्या मात्रा नव्हेत. वजन कुठे पडतं, कॉर्ड कुठे बदलते, थांबायचं कुठे, हे सगळं त्यात आलं. फालसेता म्हणजे गिटारवर वाजणारा सुरांचा तुकडा, गाण्याच्या दोन ओळींच्या मधला. आणि बुलेरिआस हा फ्लामेंकोतला, म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडच्या गाण्या-नाचाच्या संगीतातला, हेरेस गावाशी जोडलेला, सगळ्यात चपळ आणि सगळ्यात खोडकर प्रकार.

बहुतेक जण पहिला इलाज वेगावर करतात. बोटं कमी पडतायत असं समजून मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक टिका देणारं यंत्र, दररोज दोन-दोनने वाढवत नेतात. मीही तेच केलं. ९० वर घसरायचो, तो १८० वर घसरायला लागलो. एवढीच प्रगती.

बारा मात्रा आहेत, पण हा एकताल नाही

लहानपणी चार वर्षं तबला शिकलो होतो, त्यामुळे बारा मात्रा म्हटल्यावर मला वाटलं, हे तर घरचंच. धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. दोन-दोनचे सहा खण, पहिल्या मात्रेवर सम. मनात हा साचा ठेवूनच मी बुलेरिआस मोजत होतो, आणि सगळा घोळ तिथेच होता.

फ्लामेंकोतल्या या बारांमध्ये वजन ३, ६, ८, १० आणि १२ वर पडतं. एकावर काहीच नाही. बुलेरिआस मोजताना बरेच जण बारापासून सुरुवात करतात, म्हणजे फेरी अशी ऐकू येते: १२-१-२, ३-४-५, ६-७, ८-९, १०-११. पहिला अर्धा भाग दादऱ्यासारखा तीन-तीनचा, दुसरा अर्धा दोन-दोन-दोनचा. दोन्ही भाग सहा मात्रांचेच, पण चाल मधेच बदलते. आपल्याकडे आड लयीत जी गंमत वादक मुद्दाम करतो, ती इथे ठेक्यातच बांधलेली आहे.

मात्र खरी अडचण मात्रांच्या वाटपात नाही, ते आठवडाभरात पाठ होतं. अडचण ही, की आपल्या कानाला आवर्तन पहिल्या मात्रेवर येऊन मिटायची सवय आहे. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून संपवायचा तुकडा, कुठे पडते? समेवर. म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. शेवट आणि सुरुवात एकाच ठिकाणी. फ्लामेंकोत वाक्य दहाव्या मात्रेवर संपतं. तिथे पूर्णविराम. मग अकरा आणि बारा या श्वास घ्यायच्या जागा. कुणी त्या मोकळ्या सोडतो, कुणी गिटारच्या पाटावर बोटाने टकटक करतो, कुणी तिथूनच पुढच्या फेरीत झेप घेतो. समेची वाट बघत बसलेला आपला कान दहा होऊन गेला तरी "अजून यायचंय" असंच धरून चालतो, आणि पुढच्या एकावर जाऊन आदळतो. तिथे तर कुणीच नसतं.

हेरेसला तीन आठवडे शिकायला गेलो होतो तेव्हा एका पेन्यात, म्हणजे तिथल्या फ्लामेंको मंडळात, संध्याकाळी बसायचो. शेजारच्या टेबलावर एक आजोबा बोटांच्या पेरांनी लाकडावर ठेका धरायचे. मी आठवडाभर त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आकडे मोजतायत का म्हणून. एक दिवस हाताकडे बघितलं. दर फेरीला एका ठरावीक ठोक्यानंतर हात किंचित वर उचलला जायचा, चटका बसल्यासारखा. मी मोजलं. दहा. दर वेळी दहा. त्यांना सुरुवात कुठे आहे याची फिकीरच नव्हती.

किती मात्रांनी चुकताय, ते सांगा. कारण तिथेच सापडेल

"कोम्पास सुटतो" हे निदान नव्हे. टाळ्यांच्या ट्रॅकवर पाच मिनिटं वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, त्या दिवशी कान आपलीच बाजू घेतो. ऐकताना गिटार हातात नको, टेबलावर नुसती पेरं वाजवा, आणि ट्रॅकपासून तुम्ही किती मात्रा पुढे-मागे गेलात ते लिहून ठेवा.

दोन मात्रा आधी बाहेर येत असाल तर तुम्ही ११ आणि १२ गिळताय. दहावर शेवट झाल्याचं तुम्हाला कळलंय, हे चांगलं, पण लगेच "एक" म्हणून नवी फेरी सुरू केलीत. दहा मात्रांचं आवर्तन झालं. नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी चूक, आणि सोपीही: दहानंतर पायाने दोन ठोके मारायचे, मोठ्याने, खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवेपर्यंत.

सहा मात्रांनी फरक पडत असेल तर घाबरू नका. बुलेरिआसमध्ये सहाचा अर्धा कोम्पास चालतो. गाणारा किंवा नाचणारा कधीकधी तसाच मोडतो आणि गिटारवाल्याला त्याच्यामागे जावं लागतं. तुमची दहावी मात्रा ट्रॅकच्या चारवर पडतेय एवढंच. ट्रॅक माणसासारखा सांभाळून घेत नाही म्हणून ते चुकीचं वाटतं. तरी अर्धा फेरा आपण मुद्दाम घेतला की हातून गेला, हे स्वतःला खरं सांगावं.

एकाच मात्रेचा फरक असेल, तर दोन संशयित. एक फालसेता, दुसरा रास्गेआदो, म्हणजे बोटं उलगडत तारांवर मारायचे फटके. दोघांचंही पुढे सांगतो.

आणि मात्रा बरोबर पण लय चढत जाते, असं असेल तर तर्जनी वर उचलताना वाजणारे मधले ठोके तपासा. खाली जाणारा हात गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर असतो, वर येणारा घाईत असतो.

मोजण्याबद्दल एक. बुलेरिआस २१० च्या लयीत असेल तर बाराही मात्रा साडेतीन सेकंदांच्या आत संपतात. त्या वेगात "सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा" म्हणून बघा, जिभेची गाठ बसते. स्पॅनिश माणसाचीही बसते. म्हणून तेही अकरा-बारासाठी आपले आकडे न म्हणता पुन्हा "उन, दोस" म्हणजे एक-दोनच म्हणतात. मी आकडे सोडून दिले आणि बोल धरले. बारापासून सुरू करून:

धा ना ना धा ना ना धा ना धा ना धा ना

पाच धा, पाच वजनं. यातला शेवटचा धा दहावा. तो सगळ्यात मोठा म्हणायचा, पहिला नव्हे. पहिला मोठा केलात की कानाने त्याला सम केलंच म्हणून समजा, आणि आपण होतो तिथेच परत.

फालसेता शेवटाकडून शिका

टॅबवरून, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेल्या कागदावरून, फालसेता शिकणारा माणूस पहिल्या नोटपासून सुरू करतो. साहजिक आहे. पण त्यामुळे सुरुवात शंभर वेळा वाजते आणि शेवट वीस वेळा. प्रत्यक्षात उलट हवं, कारण सुरुवात चुकली तर फारसं कुणाला कळत नाही, दहाला चुकलात की टाळ्या देणाऱ्यांपैकी एक तरी जण मान वर करून बघतोच.

माझी पद्धत अशी. फालसेताच्या शेवटच्या तीन मात्रा घ्यायच्या, ८-९-१०. आधीच्या सगळ्या मात्रा नुसत्या बोलाने म्हणायच्या: धा ना ना धा ना ना धा ना, आणि मग आठवर गिटार आत येऊ द्यायची. दहावर सूर सुटला की डाव्या हाताने तारा दाबून आवाज तोडायचा. अकरा, बारा पायाने. मग परत बोल. हे दहा-बारा फेऱ्या न चुकता झालं की सहापासून आत यायचं. मग तीनपासून. सगळ्यात शेवटी फालसेताची खरी सुरुवात जोडायची.

ती खरी सुरुवात कुठे आहे, हेही तपासाच. पुष्कळ फालसेता बारावर सुरू होतात, काही एकावर, काही बाराच्या आधीच्या अर्ध्या मात्रेत एखाददुसरा सूर टाकून. टॅबमध्ये पहिली रेघ ओढलेली दिसली की आपण तिला एक म्हणतो. एका मात्रेने चुकण्याचं निम्मं कारण हे. रेघेवर विश्वास ठेवू नका. मूळ वादन लावा, मागच्या टाळ्या ऐका, दहा शोधा आणि तिथून उलटं मोजत या.

टाळ्यांचा म्हणजे पाल्मासचा ट्रॅक नसेल तर मेट्रोनोम चालेल, पण प्रत्येक मात्रेला टिक ठेवू नका. २१० ऐवजी ७० ठेवा आणि प्रत्येक टिक तीन मात्रांची धरा: १२, ३, ६, ९. नऊवरची टिक तुमच्या आठ आणि दहाच्या वजनांना आडवी येईल. तेच हवंय. मग १०५ ठेवून दोन-दोनची धरा: १२, २, ४, ६, ८, १०. आता पहिल्या अर्ध्यात भांडण होईल आणि दुसऱ्यात समझोता. दोन्हीकडून जमलं की पाल्मास तुम्हाला तबलजीला लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी धून, वाटतो तसा वाटायला लागतो, धरून चालायची भिंत.

रास्गेआदो मात्रा खातो

करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, असे एकामागून एक चार फटके तारांवर उलगडायचे आणि पुढच्या मात्रेवर तर्जनी ठाम खाली आणायची, हा साधा रास्गेआदो. ऐकायला भारी, म्हणून सगळे तो आधी शिकतात आणि सगळ्यांचा तो बिघडतो. चारही बोटं एकदम सुटतात, "खर्र" असा एकच आवाज होतो आणि तर्जनी वेळेआधी खाली येऊन बसते. पाव मात्रा गेली. एका फेरीत असे दोन रास्गेआदो वाजवले की अर्धी मात्रा गेली, आणि दोन फेऱ्यांनी तुम्ही पूर्ण एक मात्रा पुढे.

इलाज आपल्याकडे तयार आहे. तोंडाने "तिरकिट धा" म्हणा. ति करंगळी, र अनामिका, कि मधलं, ट तर्जनी, आणि धा म्हणजे पुढच्या मात्रेवरची तर्जनी. मेट्रोनोम ६० वर. चार अक्षरांतलं अंतर जिभेला ठाऊक आहे, बोटांनी फक्त जिभेमागे जायचं. करंगळी पहिल्यांदा ऐकूच येणार नाही. ती ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नका. माझी यायला महिना लागला. आणि मूठ घट्ट मिटून बोटं झटकण्याचा व्यायाम गिटारशिवाय, मांडीवर, बसमध्येसुद्धा करता येतो. लोक बघतात. बघू देत.

गोल्पे, म्हणजे पाटावरची टकटक, ज्यांची गिटार क्लासिकल आहे त्यांनी जपून करावी. फ्लामेंको गिटारच्या पाटावर त्यासाठी पातळ पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेला असतो, क्लासिकलवर नसतो. मी पहिल्या वर्षी पॉलिश उतरवून बसलो.

ठेका बरोबर आहे, पण कंटाळवाणा वाजतोय

ही पुढची तक्रार, आणि हिच्यामुळे लोक नको ते करतात: अजून कॉर्ड्स, अजून रास्गेआदो, अजून वेग. उलट कमी करा.

बुलेरिआस बहुतेकदा "पोर मेदिओ" वाजते, म्हणजे ए कॉर्डला घर मानून. सगळ्यात साधा साचा: १२-१-२ ला ए, तीनवर बी फ्लॅट, नऊपर्यंत तिथेच, दहावर परत ए. बी फ्लॅट धरताना पहिली तार मोकळी सोडा. तो थोडा आंबट सूर म्हणजेच फ्लामेंकोचा वास. गायकाची पट्टी उंच असेल तर सेहिया, म्हणजे कॅपो, दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर लावा, बोटांची मांडणी तीच राहते.

आता या साच्यात दोनच खुंट्या पक्क्या समजा: तीन आणि दहा. तीनवर कॉर्ड घर सोडते, दहावर घरी येते. मधल्या सहा मात्रांत तुम्ही काहीही करा, ऐकणारा हरवत नाही. एक फेरी अशी वाजवून बघा. बारावर सूर नाही, फक्त गोल्पे. एक-दोनला तर्जनी खाली, हलकी. तीनवर बी फ्लॅट तिरकिटसकट आणि तो घुमू द्यायचा. चार-पाच काही नाही, उजवा हात तारांवर आडवा ठेवून आवाज विझवायचा. सहावर गोल्पे. सात-आठ-नऊ खाली-वर, खाली-वर, पण डाव्या हाताने तारा अर्धवट दाबून, सूर न येता नुसता खडखडाट. दहावर ए, कोरडा, लगेच तोडलेला. अकरा मोकळा.

पुढच्या फेरीत चार-पाच भरा आणि सात-आठ-नऊ रिकामे ठेवा. मग तिसऱ्या फेरीत बारापासून सगळं दोन-दोनमध्ये वाजवा, म्हणजे पहिल्या अर्ध्यातही २ आणि ४ वर वजन. तीनची खुंटी एवढ्यापुरती झाकली जाते, पण दहा शाबूत आहे म्हणून चालतं. नवं काही सुचत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की एका फेरीतली एकच मात्रा हलवा आणि बाकी अकरा तशाच ठेवा.

यासाठी कुणाला ऐकायचं? हेरेसच्या मोराइतो चिकोला (१९५६-२०११). त्याच्या साथीत सूर थोडे असतात, आणि जिथे ते नसतात तिथेही कोम्पास चालूच असतो. आणि मोरोनच्या दिएगो देल गास्तोरला (१९०८-१९७३): साधे अंगठ्याचे तुकडे, पण ठोक्याच्या अशा बाजूला टाकलेले की हसू येतं. पाको दे लुसियाकडे (१९४७-२०१४) सगळे आधी धावतात. धावा, पण त्याचा वेग ऐकून परत मेट्रोनोम वाढवू नका. त्याच्याकडून हवं तर ताल सांभाळणाऱ्याची किंमत शिका. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेरूमध्ये ऐकलेलं काहोन हे लाकडी खोकं त्यानेच फ्लामेंकोत आणलं. आज ते आपल्याकडच्या कॉलेजच्या बँडमध्येही दिसतं, आणि बऱ्याच जणांना ते स्पॅनिशच वाटतं.

एका प्रकाराचं औषध दुसऱ्याला देऊ नका

बारा मात्रांचे सगळे प्रकार म्हणजे बुलेरिआस नव्हे. सोलेआची वजनं तीच, पण ती संथ, जड. बहुतेकदा "पोर आरिबा", म्हणजे ई ला घर मानून, तीनवर एफ आणि दहावर ई. बुलेरिआस सोलेआच्याच जलद शेवटातून वाढली असं मानतात, म्हणून कोम्पास सुटणाऱ्याने दोन महिने सोलेआ वाजवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. तिथे दहानंतरची शांतता लपवता येत नाही. कादिसची आलेग्रिआस मेजर स्वरांत, उजेडात. तांगोस चार मात्रांचा. त्यात घसरत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथे पहिला ठोका रिकामा सोडून दुसऱ्यापासून वाजवून बघा. रुम्बाही चारातच, आणि आपल्याकडे पुष्कळांना रुम्बा म्हणजेच अख्खं फ्लामेंको वाटतं. तारांता, ग्रानाइना गिटारवर मोकळ्या वाजतात, आलापासारख्या. त्यांना मेट्रोनोम लावणारे लोक मी पाहिलेत.

राहिली सेगिरिया. तिथे वजनं पुन्हा तीच पाच, फक्त फेरी आठपासून सुरू होते: ८, १०, १२, ३, ६. म्हणजे दोन-दोन-तीन-तीन-दोन. बोलात सांगायचं तर धा ना, धा ना, धा ना ना, धा ना ना, धा ना. वाजवणारे बारा मोजत नाहीत, पाचच मोजतात, दोन आखूड, दोन लांब, एक आखूड. बुलेरिआसची दहावी मात्रा इथे दुसरं पाऊल होते, आणि इतकी मेहनत करून दहावर थांबायला शिकलेला हात तिथे नेमका थांबतो. माझा अजून थांबतो. सध्या ६० च्या लयीत, गिटार न घेता, रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्यावर पेरांनी वाजवतोय. दुसऱ्या धा नंतरच्या ना ला हात उचलायचा नाही, एवढंच काम आहे.